हायेस का?

आमच्या शिरूर अनंतपाळात कोणाच्या घरी गेलं तर बेल कोणी वाजवत नाही. बेल आहे, लेकानं हौसेनं बसवून दिली, पण ती दाबतो फक्त पार्सलवाला. बाकीचा माणूस अंगणातूनच हाक देतो, "हायेत का घरात?" आतल्यानं म्हणायचं, "हाव, हाय की, या." झालं.

आमचे मालक मात्र स्वतःच्याच घरात येताना अशी हाक द्यायचे. शेतातून आले तरी, बाजारातून आले तरी, नुसते कोपऱ्यावरून तंबाखूची पुडी घेऊन आले तरी फाटकात थांबून, "हायेस का गं?" मी आतून ओरडायची, "हाय की, कुठं जाते!" काय काम असेल म्हणून पिठाच्या हातानं बाहेर यावं, तर हे आपले निवांत पाय धुताहेत.

"काय पाहिजे?"

"काय न्हाई. इचारलं आपलं."

उभ्या जन्मात या एका गोष्टीवरून मी त्यांना जेवढं बोलले तेवढं दुसऱ्या कशावरून बोलले नाही. रिकामी हाक मारू नये माणसानं. इकडं तव्यावर भाकर करपते. त्यांचं नाव वैजनाथ. कधी घेत नव्हते. आता घेतलं तर रागवायला कोण बसलंय?

गेल्या पावसाळ्यात, सोयाबीनला शेंगा लागल्या तेव्हा ते गेले. आमच्यात जाळत नाहीत. आपल्याच शेतात, बांधाजवळ माती दिली. लेक दयानंद लातूरला असतो, क्लासमध्ये शिकवतो, लोकांच्या पोरांना डॉक्टर करतो. त्यानं येऊन सगळं बघितलं. त्याची एकच पोरगी, अपूर्वा. ती नांदेडला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. आजोबाची लई लाडकी, पण ती काही आली नाही. दयानंद म्हणाला, "माय, तिला कळवलंय. पण पेपर चालू हायेत, सोडून येता येत न्हाई म्हणली."

मी मनात म्हटलं, बाई गं, पेपर दुसऱ्यांदा देता येतो, आजोबा दुसऱ्यांदा जात नसतो. हे कोणत्या पुस्तकात नसेल.

पेपर संपल्यावर ती आली. शेतात मातीच्या ढिगापाशी उभी राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, हे खरं वाटत नाही."

"मला तरी कुठं वाटतंय," मी म्हटलं. अशा वेळी सगळेच तसं म्हणतात. पोरगी अक्षर न् अक्षर खरं बोलत होती, हे मला तेव्हा काय माहीत.

परत जाताना तिनं मालकांचा मोबाईल माझ्या हातात ठेवला. कुठं दाबायचं, कुठं बोट सरकवायचं, सगळं दाखवलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी फोन टुंग करून वाजला. चष्मा लावून बघितलं. तिचा फोटो, अन् खाली एकच शब्द: हाय.

आता मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पाटीवर 'हाय' लिहिलं की मास्तर छडी मारायचे, 'आहे' लिहा म्हणायचे. तेव्हापासून लिहिते 'आहे' अन् बोलते 'हाय'. अन् ही एवढी शिकलेली पोरगी, पुस्तकी मराठी बाजूला ठेवून माझ्यासाठी घरच्या बोलीत लिहिते: हाय. म्हणजे, मी आहे गं आजी, तू हायेस का? फाटकातली हाक बंद झाली, घर खायला उठतं, हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. तिला बरोबर कळलं. माझे डोळे भरून आले, कोणी बघत नव्हतं म्हणून येऊ दिले. मग एकेक अक्षर शोधून मी उलट पाठवलं: हाय. मी बी हाय.

तेव्हापासून रोज सकाळी आमचं तेवढंच बोलणं. शेजारणींचे नातू दिवसभर फोन करून चकल्या मागतात. आमचं एका शब्दात भागतं.

दिवाळी झाल्यावर तिचं 'हाय' उशिरा यायला लागलं. मग एक दिवसाआड. मग येईनाच. एक दिवस मीच लिहिलं: हायेस का?

काही नाही. फोन समोर ठेवून मी तूरडाळ निवडत बसले. खडे डाळीत अन् डाळ खड्यांत, असं चाललं होतं. दुपार कलल्यावर टुंग वाजलं.

माहीत नाही.

मी दोनदा वाचलं. एवढ्या वयात असं उत्तर मी ऐकलं नव्हतं. "हायेत का घरात?" विचारल्यावर आतून "माहीत न्हाई" असं आलं, तर माणसानं चप्पल न काढता आत घुसावं.

दयानंदला फोन लावला. त्याला आधीच कळलं होतं. तिच्या खोलीत राहणारी पोरगी शिवकांता, तिनं सांगितलं होतं.

"माय, ती कॉलेजलाच जाईना गेली. दिवसभर लॅपटॉपवर इंग्रजी पिक्चर बघायली. ते विज्ञानाचे असतात बघ. जग खोटं, माणूस खोटा, आपण जगायलो ते बी खोटं. असलं बघून डोकं फिरलंय तिचं. रविवारी जातो अन् सामान उचलून आणतो. बास झालं कॉलेज."

"तू रविवारी ये. तोवर मी जाऊन बघते."

"तू? एकटी? कशानं?"

"त्या पिक्चरातल्या रॉकेटनं. एसटीनं, अजून कशानं!"

एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, पंच्याहत्तर झाले असतील तर कार्ड दाखवा, फुकट हाय." मी म्हटलं, "तुझ्या सासूला झाले असतील पंच्याहत्तर. अर्धं फाड." नांदेडला उतरले तर रिक्षावाला न विचारताच गुरुद्वाऱ्याकडं निघाला. म्हातारी पिशवी घेऊन आली म्हणजे दर्शनालाच आली. त्याला म्हटलं, "बाबा, देवाला मी नंतर भेटते. आधी नातीकडं ने."

तिची खोली वरच्या मजल्यावर. खाली घरमालक गुरुबसप्पा. दारात उभी राहून मी हाक दिली, "अपू, हायेस का गं?" उत्तर नाही. दार उघडलं शिवकांतानं.

अपू खाटेवर बसली होती, भर दुपारी पडदा लावून. गालाची हाडं वर आलेली. मला बघून उठली, जवळ आली अन् माझ्या हातावरून आपला हात फिरवत राहिली, कापडाचा पोत बघावा तसा.

"आजी, तू खरंच आलीस?"

"न्हाई, पोस्टानं पाठवलंय मला. काय होतंय तुला, नीट सांग."

तिनं नीटच सांगितलं. हुशार पोरगी आहे. म्हणाली, मधे काच असल्यासारखं वाटतं. माणसं बोलतात, ऐकू येतं, पण पडद्यावर बोलल्यासारखं. हा हात माझा आहे हे माहीत आहे, पण माझा वाटत नाही. मी हसते तेव्हा कोणीतरी हसतंय असं वाटतं. "अन् भीती ही वाटते, आजी, की कोणी विचारलं तू आहेस का, तर शपथेवर सांगता येणार नाही."

मला एकच गोष्ट सुचली. पिशवीतून मीठ, मोहरी अन् लाल मिरच्या काढल्या, तिच्यावरून उतरवल्या अन् तवा तापवून त्यावर टाकल्या. नजर लागली असेल तर मिरचीचा खाट, तो ठसका लावणारा धूर, उठत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल. तर असा खाट उठला की अपू खोकली, शिवकांता खोकली, मी खोकले, अन् खालून गुरुबसप्पा तोंडावर उपरणं धरून वर आले.

"बाई, घर जाळायलाव का?"

"नजर काढायले."

"मग काढा की, पण आमची नका काढू!"

म्हणजे नजर नव्हती. माझं औषध संपलं. शिवकांतानं दुसऱ्या दिवसाची डॉक्टरीणबाईची वेळ घेऊनच ठेवली होती. मनाच्या डॉक्टरीण. मला ते पसंत नव्हतं, पण त्या बाईंनी अपूचं सगळं शांतपणे ऐकलं, मला मधे बोलू दिलं नाही, हे मला आवडलं. म्हणाल्या, हे वेड नाही. मोठा धक्का बसला अन् झोप उडाली की मन कधी कधी असं काचेमागं जाऊन बसतं. परत येतं, वेळ लागतो. झोप, जेवण, माणसांत राहणं, अन् ठरल्या वेळी इथं येणं. "अन् तो धक्का कोणता, ते सावकाश बोलूया," असंही म्हणाल्या. अपूनं मान खाली घातली.

धक्का कोणता, आजोबाच की, मी मनात म्हटलं. पण म्हातारा आजोबा सगळ्यांचाच जातो.

जेवायला मी धपाटे केले. दही, शेंगदाण्याची चटणी. तिनं दोन घास जास्त खाल्ले. हात धुतल्यावर मी खाटेवर मांडी घालून बसले.

"आता तुझा तो पिक्चर लाव."

"तुला नाही समजणार, आजी."

"तुझ्या बापाला वाढवलंय मी. न समजणाऱ्या गोष्टींची सवय हाय मला."

तिनं लावला. इंग्रजी होता, ती मधे मधे सांगत होती. एक बाई आकाशातल्या जहाजात एकटीच राहते. लांबच्या कामगिरीवर आहे. तिच्या खोलीला खिडकी आहे, त्यातून तिला तिचं गाव दिसतं. गावात पाऊस पडतो, पोरं शाळेत जातात, ती बघून खूश. एक दिवस तिच्या लक्षात येतं की पाऊस आला की दर वेळी तीच चिमणी त्याच तारेवर येऊन तसेच पंख झटकते. म्हणजे ती खिडकी नव्हतीच. पडदा होता. मग ती एकेक गोष्ट तपासत सुटते. आवाज खरा का, आठवण खरी का, शेवटी मी तरी खरी का.

"ही स्वयंपाक कवा करती?" मी विचारलं.

"करत नाही. गोळ्या खाते."

"भांडी?"

"नाहीत."

"मग तिला बोलतंय कोण दिवसभर?"

"एक मशीन बोलतं."

"तरीच. हाताला काम न्हाई, हाक मारायला माणूस न्हाई. आपुन हायेत का न्हाईत, हे बिचारीनं इचारावं कोणाला? मलाच सोड तिच्या जहाजात, एका दिवसात भांडण काढते, म्हणजे तिला कळंल आपण खरे हायेत."

शिवकांता हसली. अपू हसली नाही. तिनं पिक्चर थांबवला.

"तेवढं सोपं नाही, आजी. रॉकेट, जहाज हे नुसतं निमित्त असतं. हे पिक्चर आपल्याला विचारतात, की जे दिसतंय ते खरं आहे हे तुला कोणी सांगितलं? सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा? अन् आजूबाजूचे सगळे मिळून एकच खोटं सांभाळत असतील, तर मधल्या एकट्या माणसानं ते ओळखायचं कसं? या बाईला निदान चिमणी सापडली. चिमणी सापडलीच नसती तर?"

बोलताना तिची मान पहिल्यांदा वर झाली होती. मी पिक्चरवर काहीतरी लागट बोलणार होते, ते गिळलं. सगळे मिळून, हा शब्द मला टोचला.

"अपू, तुझ्याशी कोण बोललं सगळे मिळून खोटं?"

शिवकांता उठून बाहेर गॅलरीत गेली. अपूनं आपला फोन काढला अन् माझ्यासमोर धरला. वर नाव होतं आजोबा. शेजारी मालकांचा फेट्यातला फोटो. तिनं बोटानं खाली खाली सरकवलं.

"हे वाच. वरची तारीख पण वाच."

मी वाचलं. तिनं लिहिलं होतं, आजोबा, पेपरला जाते. खाली मालकांचं उत्तर होतं: जा बाळा. नीट लिही. मी बरा हाय.

तारीख वाचली अन् चष्मा पुसून परत वाचली. त्या दिवशी सकाळीच आम्ही त्यांना माती दिली होती.

"पेपर झाल्यावर मी लिहिलं, चांगला गेला," अपू म्हणाली. "आजोबांनी शाब्बास पाठवलं. मी घरी फोन केला तर पप्पा म्हणाले, आजोबा झोपलेत. आईपण म्हणाली, झोपलेत. शिवकांताला सांगून ठेवलं होतं, ती माझ्यासमोर बसून चहा पीत होती. सगळे पेपर होईपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, आजी. मला सोडून. अन् मला काही वेगळं वाटलं नाही, हे बघ ना! सगळं रोजच्यासारखं खरं वाटलं. मी खूश होते. मग आता जे खरं वाटतंय ते तरी कशावरून?"

माझा लेक क्लासमध्ये वर्षानुवर्षं एकच मंत्र जपतो, पेपर बुडता कामा नये. लातुरात पोरांचे पेपर चालू असले की आईबाप घरातला ताप लपवतात, भांडण लपवतात. यानं मरण लपवलं.

"अन् रोज सकाळी," ती म्हणाली, "आजोबांच्या नावानं, त्यांच्या फोटोसकट 'हाय' येतं. तू पाठवतेस हे माहीत आहे मला. तरी एक क्षण..."

"अपू," मी म्हटलं, "मला सांगितलं, की तूच म्हणलीस पेपर सोडून येत न्हाई."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मी? मी असं म्हणाले असते?"

"मला बी खरंच वाटलं की. म्हणजे तुझ्या त्या पिक्चरात मी बी व्हते. शेजारच्याच खोलीत."

ती जवळ सरकली. मी तिचा हात मांडीवर घेतला. मग मी तिला ते सांगितलं जे आजवर कोणी विचारलं नव्हतं म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं.

"माझं माहेर देगलूरकडचं, तुला माहीतच हाय. घरात अर्धी कानडी, अर्धी मराठी. तिथं माझं नाव गुरम्मा. लग्नात इकडच्यांनी ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नाव लिहिलं, सिंधु. उठले तर मी सिंधु. सासरी हाका सुरू, सिंधु पाणी आण, सिंधु शेण काढ. मी मान वर करायचीच न्हाई. लोक म्हणायचे, पोरगी बहिरी हाय का काय. बहिरी कशाची? मला वाटायचं, ही सिंधु कोणतरी दुसरी हाय अन् मी उगाच तिची भांडी घासायले. रात्र न् दिवस काचेतून बघितल्यासारखं, तू म्हणतेस तसंच. पण काच असा शब्द मला कुठं ठाऊक."

"मग?"

"मग काय. तुझा आजोबा. बायकोचं नाव घ्यायची त्यांना लाज. म्हणून फाटकातून इचारायचे, हायेस का? त्यात नावच न्हाई. ती हाक गुरम्माला बी लागायची अन् सिंधूला बी. मी आतून म्हणायची, हाय की. रोज म्हणता म्हणता झाले मी. पुढं त्या हाकेचा राग यायला लागला, म्हणजे बघ किती पक्की झाले असंल."

अपूनं माझी बोटं धरली होती. मला वाटलं हीच वेळ आहे. मोठ्या ऐटीत म्हटलं, "म्हणून तर तुझं ते सकाळचं मला कळलं. ते 'हाय' आजोबाचं नसतंय, माझं असतंय. तू सांगतेस, मी हाय. मी सांगते, मी बी हाय."

"काय?"

"तू लिहितेस न्हव का रोज. हाय. आपल्या बोलीत. आहे म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिचे ओठ हलायला लागले. मग अशी हसली, की खाटेची दोरी करकरली.

"आजी! ते इंग्रजी हाय आहे! हॅलोसारखं! भेटल्यावर म्हणतात ते!"

"म्हणजे?"

"म्हणजे नमस्कार, गं!"

मला संतापच आला. "म्हणजे इतके दिवस तू मला नुसता नमस्कार घालत व्हतीस? अन् मी येडी चहा आटवून तुझं असणं वाचायले?" गॅलरीतून शिवकांता धावत आली, तिला सांगितलं तर ती भिंत धरून हसायला लागली. अपू हसत होती, हसता हसता माझ्या मांडीवर वाकली, अन् मग तो आवाज बदलला. खांदे हलत होते पण ते हसणं नव्हतं. मातीच्या ढिगापाशी जे राहिलं होतं ते आता आलं. मी तिला गप केलं नाही. पाठीवरून हात फिरवत राहिले. शिवकांतानं पडदा बाजूला केला, खोलीत ऊन आलं.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं. "मला खरं सांग. कसे गेले?"

"शेतातून आले. फाटकात थांबून म्हणाले, हायेस का गं. मी म्हटलं, हाय की, कुठं जाते. बाहेर आले तर खुर्चीत बसले व्हते, पाय न धुता. पायाला चिखल तसाच. म्हटलं, पाय धुवा की. तर माझ्याकडं बघून हसले. तेवढंच. मान कलली. मंग मीच धुतले पाय."

"खरं ना?"

"माझ्या डोळ्यांसमोर. अन् मी पिक्चर काढत नसते."

रविवारी दयानंद आला. दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन. दारातच म्हणाला, "लॅपटॉप कुठाय?"

"बस," मी म्हटलं. "तिचे पिक्चर आम्ही बघितले. आता तुझा दाखव. त्या दिवशी तुझ्या बापाच्या फोनवरून कोण बोलत व्हतं?"

एवढा वर्गाला दमात ठेवणारा माणूस, पण चेहरा पोरासारखा झाला. बॅगा तशाच हातात. अपू समोर उभी होती, वाट बघत होती.

"तिचा मेसेज आला," तो खाली बघत म्हणाला. "मी शेतातून नुकताच आलो व्हतो. म्हटलं, कळलं तर ही पेपर सोडून येईल, वर्ष जाईल. उत्तर न्हाई दिलं तर संशय येईल. म्हटलं, दोन शब्द लिहू. अप्पा बोलायचे तसं लिहिलं. मी बरा हाय." तो थांबला. "ते लिहिलं अन्, माय, मलाच वाटलं अप्पा हायेत. संध्याकाळी तिचा परत आला तर मी शाब्बास लिहिलं. ते लिहायची काय गरज नव्हती. मला थांबवेना. लिहितोय तोवर ते हायेत, असं व्हायलं व्हतं."

मला त्याच्या मुस्काटात मारावी वाटत होती अन् त्याला पोटाशी धरावं वाटत होतं. दोन्ही मी केलं नाही. ते काम पोरीचं होतं.

"पप्पा, मला विचारायला पाहिजे होतं," अपू म्हणाली.

"हाव."

"मी पेपर सोडला असता."

"म्हणून तर न्हाई इचारलं."

"माझ्या भल्यासाठीसुद्धा पुन्हा कधी खोटं बोलायचं नाही. काही असलं तरी. मी वर्ष भरून काढीन, पण हे..." तिनं हवेत हात फिरवला, काच पुसावी तसा. "हे भरून येत नाही लवकर."

"न्हाई बोलणार." त्यानं बॅगा खाली ठेवल्या अन् तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं डोकं काढून घेतलं नाही. मला तेवढं पुरलं.

काच गेली असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळ लागेल. दुपारी जेवताना मधेच तिचा घास थांबला, अन् तिनं ताटाची कड बोटानं चाचपली, ते मी बघितलं. पण कॉलेज सोडायचं नाही असं ठरलं. तिच्या कॉलेजात पोरं मिळून पिक्चर दाखवतात, त्या जहाजातल्या बाईचाच दाखवणार आहेत, अन् आधी उभं राहून बोलायचं अपूकडं होतं. तिनं नाही म्हणून कळवलं होतं. आता शिवकांताला म्हणाली, "सांग त्यांना, बोलते मी." अन् माझ्याकडं बघून, "भांड्यांचा मुद्दा पण घेते."

"माझं नाव घे मंग," मी म्हटलं. "फुकट न्हाई देत."

निघायच्या आधी तिनं माझा फोटो काढला. मी पदर नीट केला, चष्मा काढला. तिनं आपल्या फोनमधला मालकांचा फोटो जपून दुसरीकडं ठेवला अन् त्या नंबरावर माझा लावला.

"नाव काय लिहू? आजी?"

आजी मी सगळ्या गावाची आहे. सिंधु तांदळातली. मी म्हटलं, "गुरम्मा लिही."

तिनं लिहिलं, मला दाखवलं. इतक्या वर्षांनी ते नाव कोणी लिहिलेलं मी बघत होते. पिशवी उचलली.

रिकाम्या बॅगांत तिच्या धुवायच्या चादरी भरून दयानंद पुढं उतरला. मी मागून, कठडा धरत. खाली गुरुबसप्पा म्हणाले, "चाललाव का बाई? मिरच्या ऱ्हाऊ द्या इथंच, भाजीला होतील." त्यांना म्हटलं, "पुढच्या खेपेला तुमचीच नजर काढते." रिक्षा दारात उभी होती. दयानंदनं बॅगा आत टाकल्या, एक पाय आत ठेवला.

मी रस्त्यावर उभी राहून वर बघितलं. गॅलरी रिकामी होती.

"अपू!" मी हाक दिली. "हायेस का गं?"

वरून काहीच आलं नाही. रिक्षावाल्यानं माझ्याकडं बघितलं. दयानंदनं ठेवलेला पाय परत बाहेर घेतला अन् तोही वर बघायला लागला. मी पिशवीचा बंद घट्ट धरला.

आतून भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"हाय की!" वरून आवाज आला, मोठा, माझ्याच ठसक्यात. "कुठं जाते!"

मग ती गॅलरीत आली, ओल्या हातांनी, वाकून विचारायला लागली, "काय गं आजी? काय राहिलं? काय पाहिजे?"

"काय न्हाई," मी म्हटलं, अन् रिक्षात बसले. "इचारलं आपलं."